तुऱ्याच्या कपाटातली शक्ती

कातळवाडी, पावस
३ जुलै २०२५

तुरेवाले शाहीर बाबू धोंडू रावणंग यांस,

वर सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही. प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही.

गेल्या गणपतीत शक्ती-तुऱ्याचा सामना चालू असताना मी माइक फेकून मारला आणि तुमचं कपाळ फुटलं, तेव्हापासून गावकीने आपल्याला बोलायची बंदी घातली आहे. पुढचा सामना उभा राहीपर्यंत समोरासमोर नाही, फोनवर नाही. लिहू नये असं मात्र कोणाला सुचलं नाही, म्हणून लिहिते. पत्र सदूच्या हाती देते. तो दोन्ही बाजूंची ढोलकी वाजवतो, त्यामुळे त्याची रिक्षा कोणाच्याही दारात उभी राहिली तरी कोणाच्या पोटात दुखत नाही.

आमचा कॉम्प्युटर बसला. चालू केला की आत कोणीतरी खलबत्त्यात सुपारी कुटतंय असा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. पावसच्या दुकानदाराने हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं आणि हात झटकले. तुमच्या लेखी तो डबा असेल. पण माझ्या आबांनी, शाहीर सखाराम शितपांनी, जन्मात गाण्याचा एक शब्द कागदावर उतरवला नाही. "शक्तीचं गानं तोंडात ऱ्हायाला हवं," म्हणायचे. शेवटी मी हट्टाने त्यांना समोर बसवलं. ते गात गेले, मी टाइप करत गेले. गण, गौळणी, सवाल, सवालांची उत्तरं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत आबांना झटका आला आणि वाचा गेली. आता ती गाणी त्यांच्या तोंडात नाहीत आणि माझ्या तोंडात त्यातली पावही नाहीत. होती ती त्या डब्यात.

नारळी पौर्णिमेला आमच्या मंडळाची बैठक आहे. यंदा शक्तीचा माइक कोणाच्या हातात द्यायचा ते तिथे ठरेल. आबांची गाणी ज्याच्याकडे त्याची गादी, असं जुनी माणसं म्हणतात. माझा चुलत भाऊ स्वरूप टपून बसलाय. तो सिनेमाच्या चालीवर गण म्हणतो. त्याच्याकडे माइक गेला की आबांची शक्ती संपली. हे वाचून तुम्हाला आनंद होईल, तर होऊ दे.

आता मुद्दा. काल सदू माझी समजूत घालताना बोलून गेला, "बाबूच्या दुकानात दुरुस्तीला येनाऱ्या समद्या मशिनींची कापी कपाटात आसते. तुमचीबी आसंल." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या वर्षी मी आबांचा सूर्याच्या आधीच्या सावलीचा सवाल घातला. तो सवाल आमच्या कॉम्प्युटरबाहेर जगात कुठे नव्हता. तुम्ही ढोलकी थांबायच्या आत उत्तर दिलंत. मी वर्षभर विचार करत होते, या माणसाला अक्कल फुटली कधी? फुटली नव्हती. कपाटात कुलूप लावून ठेवलेली होती.

तुऱ्याने शिवाची बाजू गावी, शक्तीने देवीची, आणि जाखडी नाचाच्या मंचावर एकमेकांची सालं काढावीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन रस्सा चाखायचा नसतो.

जे आमचं आहे ते सीडीवर भरून सदूकडे द्या. तुमच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही.

तुळसा सखाराम शितप

•

मांडवी, रत्नागिरी
६ जुलै २०२५

शक्तीवाल्या तुळसाबाई यांस नमस्कार.

आमच्याकडे नमस्कार लिहितात. तुमची आठवण तशी रोज येते. दाढी करताना आरशात कपाळ दिसतंच.

चोर म्हणालात. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही शक्तीवाल्यांची खोडच आहे. माझ्या दुकानात कोणाचंही मशीन आलं की ते उघडायच्या आत मी त्याची इमेज घेतो. न जाणो, माझ्या हातून काही बिघडलं तर जसं होतं तसं परत देता यावं म्हणून. इमेज म्हणजे चार फायली बाजूला काढून ठेवणं नव्हे. घरातली भांडी, देव्हारा, कोपऱ्यातली कोळिष्टकं, सगळं जागच्या जागी उचलून एका पेटीत बंद. अशा पेट्या माझ्याकडे गावभरच्या आहेत. एकेक उघडून कोणाच्या घरात काय शिजलंय ते बघण्याइतका मी रिकामा नाही. आणि तुमची तर मला उघडताच येत नाही.

तुमचं मशीन माझ्याकडे आणलं कोणी, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तुमच्या आबांनी आणलं. त्यांना झटका येण्याआधीच्या शिमग्याच्या सुमाराला. तुम्ही कार्यक्रमाला मुंबईला गेला होतात. शक्तीचा शाहीर स्वतःच्या पायांनी तुरेवाल्याच्या दुकानात आला होता. का, ते मी लिहिणार नाही.

सोबत डीव्हीड्या देतोय. पहिलीवर मी मोठ्ठा एक काढलाय, ती किल्ली. मशीनची स्वतःची डिस्क मेली असली तरी ते या डीव्हीडीवरून उठतं. चालू करताना एफ बाराचं बटण दाबत राहा, यादी येईल, त्यात डीव्हीडी निवडा. मग ते बाकीच्या एकेक करून मागेल. मागेल ती द्यायची. काही विचारलं तर होय म्हणायचं. आयुष्यात एकदा तरी होय म्हणून बघा.

माझी मूळ डिस्क दुकानाबाहेर जाणार नाही. आणि नारळी पौर्णिमेला स्वरूपच निवडून आला तर मला बरंच. त्याला हरवायला ढोलकीही लागणार नाही.

बाबू रावणंग

•

कातळवाडी
१२ जुलै २०२५

शाहीर,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुमची करणी मला दिसली.

एक नंबरच्या सीडीला खालून चीक लावून पाठवलीत. फणसाचा चीक, हाताला ओढला तर तार निघेल असला. सदू म्हणतो पिशवीत त्याचा अर्धा कापलेला फणस होता, त्याचा लागला असेल. सदू भोळा आहे. दुसऱ्या सीडीला का नाही लागला मग? किल्लीलाच बरा लागला!

चीक कसा काढतात ते आम्हाला शिकवायला नको. विळीचा काढतो तसा खोबरेल लावून काढला, फडक्याने पुसून चकचकीत केली आणि मशीनमध्ये घातली. मशीनने ती गरगर फिरवली आणि आता तो खण उघडतही नाही. आत सीडी, बाहेर मी. खोबरेलाचा वास मात्र घरभर सुटलाय. आबा खाटेवरून बघत होते आणि त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसले असं म्हणायला मी तयार नाही.

नारळी पौर्णिमा जवळ येतेय आणि तुम्ही दिवस काढताय. हेच करायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं होतं.

तुळसा

•

मांडवी
१५ जुलै २०२५

तुळसाबाई,

पत्र दुकानात वाचलं आणि इतका हसलो की गिऱ्हाईक उठून गेलं. एवढी वर्षं या धंद्यात आहे. डीव्हीडी खोबरेल लावून तळायला घातलेली पहिल्यांदा ऐकली. तुमच्या आबांचं तोंड हललं ते हसूच होतं, माझ्याकडून लिहून घ्या.

नाचता येईना अंगण वाकडं. चीक मी लावला? मी काय झाडावर चढून बसलो होतो? त्या सदूला मी चांगला झापलाय. यावेळी नव्या डीव्हीड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दिल्यात, झाकणाला चिकटपट्टी मारून. डब्यात फणस मावत नाही. डीव्हीडीचा एक जुना ड्राइव्हही दिलाय. तेलकट झालेला काढायचा, हा लावायचा. सदू ढोलकीच्या वाद्या आवळतो, तर दोन स्क्रूही आवळील.

डीव्हीडीला तेल, हळद, कुंकू, काही लावू नका. कडेला धरा, बोटं उमटवू नका.

दिवस काढतोय म्हणालात. मला तुमची गाणी बुडवायची असती तर कपाटातली डिस्क एकदा जमिनीवर सोडली असती, काम झालं असतं. एवढी मेहनत कशाला करीन?

बाबू

•

कातळवाडी
२२ जुलै २०२५

बाबू,

मंचावर मी तुला अरेतुरे करते, पत्रात आतापर्यंत मान ठेवला. आज ठेवत नाही.

तुझी किल्ली चालली. पडदा निळा झाला, अक्षरं आली, माझ्या काळजाने उडी मारली. डिस्क कुठली भरायची ते विचारलं, एकच नाव होतं ते निवडलं. मग आलं, या डिस्कवरची सर्व माहिती कायमची पुसली जाईल, होय की नाही. आणि तू लिहिलं होतंस, काही विचारलं तर होय म्हणायचं!

माझं बोट बटणावर होतं. आबा खाटेवरून हुंकारले म्हणून मागे वळले, नाहीतर दाबलं असतं. तुझ्या पेटीत आबांना झटका येण्याआधीचं घर आहे. त्यानंतर मी रचलेलं सगळं या मोडक्या डिस्कवर आहे. आबांच्या खाटेशेजारी बसून, त्यांचं अंग पुसून, भरवून झाल्यावर रचलेलं. ते पुसायला निघाला होतास. आबांची शक्ती परत द्यायची आणि तुळसाची पुसून टाकायची. म्हणजे मंचावर मी नुसती बापाचं पाठ केलेलं म्हणणारी पोपटीण, आणि तू मोकळा.

तुझ्याकडून दुसरं काय अपेक्षित होतं म्हणा. माइक मी उगाच फेकला नव्हता. आबांची वाचा गेलेली, त्यांना मंडपात आणता येत नव्हतं, ते घरात पडून होते, आणि तू हजार माणसांसमोर गायलास,

शक्तीचा नगारा फुटला, घरात पडला उताणा,
बापाची वाचा गेली, लेकीचा नुसता बहाणा.

लोक हसले. ते हसणं मी विसरले नाही आणि विसरणार नाही. त्या दिवशी माइक हलका होता एवढंच मला वाईट वाटतं.

तुळसा

•

मांडवी
२५ जुलै २०२५

तुळसा,

तू म्हणालीस, मीही म्हणतो.

पुसली जाईल हे लिहायचं राहिलं. माझ्यासाठी ती रोजची ओळ आहे, डोळ्यांना दिसतही नाही. इमेज परत घालायची म्हणजे डिस्क आधी मोकळी होणारच. जुनं सामान असलेल्या खोलीत दुसरं आख्खं घर कसं बसवशील? डाव नव्हता. डाव असता तर तुला कळला नसता.

आता नीट वाच. सोबत दुसरी हार्ड डिस्क देतोय. सदूकडून जुनी काढून घे, फडक्यात गुंडाळून ठेव आणि तिला वीज दाखवू नकोस. ही नवी तिच्या जागी लाव. हिच्यावर काही नाही, पुसायला विचारलं तर बिनधास्त होय म्हण. आबांचं सगळं हिच्यावर उतरेल. जुनीवरचं तुझं किती निघेल ते मी बघीन, पण सामना झाल्यावर. आधी बघितलं तर पुन्हा चोर म्हणशील. नाहीच निघालं तरी तुझी गाणी तुझ्याच डोक्यात असणार. आणि गेली तरी कोकणचं फार नुकसान होईल असं मला वाटत नाही.

टोमण्याबद्दल. टोमणा म्हणजे टोमणा. तुझ्या आबांनी माझ्या बुवांना, म्हणजे माझ्या बापाला, हेदवीला माघी गणपतीत काय म्हटलं होतं आठवतं? बुवांचा एक डोळा मोतीबिंदूने गेला होता. "तुऱ्याचा शंकर तीन डोळ्यांचा, त्याचा शाहीर दीड." मंडप पडायचा बाकी राहिला होता. माझ्या बुवांनी माइक फेकला नाही. ते बसल्या जागी उत्तर रचायला लागले.

तुला माइक फेकता येतो. उत्तर रचता येतं का ते बघायचंय.

बाबू

•

कातळवाडी
१ ऑगस्ट २०२५

बाबू,

नवी डिस्क लावली. होय म्हटलं. तिने दोन नंबरची सीडी मागितली, दिली. आणि आता ती पासवर्ड मागतेय.

पासवर्डचं एका अक्षराने बोलला नाहीस. मुद्दाम पायरी पायरीने नाचवतोयस मला. एक सुटलं की पुढचं कुलूप.

भवानी घालून बघितलं. अंबा, जगदंबा, काळेश्वरी, आईचं नाव, माझं नाव, वाडीचं नाव. इंग्रजीतून घातलं, मराठीतून घातलं. चूक, चूक, चूक. मग वाटलं, आबांनीच ठेवला असेल तर आबांना विचारावं. तुला कल्पना नसेल म्हणून सांगते. त्यांना बोलता येत नाही, लिहिता येत नाही, अक्षरांचा तक्ता पुढे धरला तर परक्या मुलखातल्या पाट्यांकडे बघावं तसे बघतात. होय असेल तर डोळे मिटतात, नाही असेल तर उघडे ठेवतात. एवढीच आमची भाषा उरली आहे.

मी खाटेशी बसून एकेक नाव घेतलं. देवांची झाली, देवींची झाली, नातेवाइकांची झाली, त्यांच्या गुरूचं झालं, बैलांची झाली. पाडा आणि राजा, दोघेही. डोळे उघडेच. शेवटी तर रागाने माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच मूर्ख. ओरडायला जीभ नाही म्हणून डोळ्यांनी ओरडत होते. मी उठून मागल्या दारी गेले आणि रडले. हे तुला लिहिताना मला लाज वाटत नाही, कारण तुझ्या मताला माझ्याकडे किंमत नाही.

पुढच्या आठवड्यात बैठक आहे. स्वरूपने नवा झब्बा शिवलाय.

तुला माहीत असेल तर सांग. माहीत असून सांगितला नाहीस तर गावकीची बंदी मोडून दुकानात येईन, आणि यावेळी माइकपेक्षा जड काहीतरी आणीन.

तुळसा

•

मांडवी
४ ऑगस्ट २०२५

तुळसा,

मला पासवर्ड माहीत नाही. माहीत असता तर तुझ्या शिव्या इतके दिवस खाल्ल्या नसत्या. आबांनी घरी सांगितला असेल असं मी धरून चाललो होतो. आता मात्र जे लिहिणार नव्हतो ते लिहावं लागतंय.

तुझे आबा मशीन घेऊन आले तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं. नुसती धूळ बसली होती. "जरा हळू चालतंय," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मी इमेज घेणार म्हटल्यावर म्हणाले, "तुऱ्याच्या घरात आमची गानी ठेवतोस, तर कुलूप लाव." मी म्हटलं, शब्द टाका. "तू भितीकडं तोंड कर." मी केलं. मुंबईला गोदीत असताना इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकले होते ना, तेवढ्यावर एका बोटाने टकटक करत बसले. पाच-सहा अक्षरं असतील. मग म्हणाले, "झालं. हा शब्द माज्या घरात कुनी घेनार नाय."

त्यानंतरही ते येत राहिले. बाजाराला म्हणून निघायचे आणि माझ्या दुकानात बसायचे. कारण त्याआधी ते माझ्या बुवांबरोबर बसत होते. तुला हे खरं वाटणार नाही. रात्रभर मंचावर एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि सकाळी इथे मांडवीच्या धक्क्यावर दोघांनी चहा-भजी खायची, हे त्यांचं आयुष्यभर चाललं. कोणता टोमणा लागला, कोणता फुकट गेला, त्याचा हिशेब करायचे. सावलीचा सवाल तुझ्या आबांनी तिथेच बुवांना घातला होता. दोघांनी मिळून त्याचं उत्तर रचलं आणि बुवांनी ते मला शिकवलं. म्हणून मी ढोलकी थांबायच्या आत दिलं. चोरी नव्हती. वारसा होता, तुझ्याकडे सवाल आला, माझ्याकडे उत्तर.

तुला सांगायचं नाही अशी बुवांनी मला शपथ घातली होती. "लोकांना कळलं तर सामना बघायला कोन येनार?" म्हणायचे. तू लहानपणापासून आम्हाला खरंच शत्रू समजत होतीस आणि त्याचं तुझ्या आबांना मोठं कौतुक होतं. "माज्या पोरीचा राग असली हाय," असं अभिमानाने सांगायचे.

बुवा गेले तेव्हा तुझे आबा आले नाहीत. लोक म्हणाले, वैर मेल्यावरही सुटलं नाही. ते धक्क्यावर एकटे बसले होते. नंतर माझ्या दुकानात मला म्हणाले, "आता मला शिव्या कोन घालनार रं? तू घाल. मी पडलो, आडवा झालो तरी सोडू नको. शाहिराची कीव क्येली की शाहीर मेला."

म्हणून मी तो टोमणा गायलो. तो मला चांगला जमला होता, हेही खरं. आणि माइक मला लागला होता, हेही खरं. त्याची माफी मी तुला करत नाही.

पासवर्डचं म्हणशील, तर तू सगळी नावं घेतलीस, बैलांचीसुद्धा. एक नाव तू घेतलं नसशील. तुझ्या घरात ते कोणी घेत नाही. माझ्या बापाचं घेऊन बघ.

नाही लागलं तर हे पत्र चुलीत घाल.

बाबू

•

कातळवाडी
१० ऑगस्ट २०२५

बाबू,

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वाटलं तू रचलेलं आहेस. तुझ्या गाण्यांपेक्षा बरं रचलेलं होतं, म्हणून जास्तच संशय आला.

आमच्या घरात तुझ्या बापाला "तो आंधळा" म्हणतात. नाव घ्यायचं झालं तरी जीभ अडखळते. पण बैठक तोंडावर आली होती. आबांना पेज भरवत होते. चमचा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "धोंडू?"

मग मान वर करून बघितलं. आबांनी डोळे गच्च मिटले होते. होय म्हणताना मिटतात तसे नव्हे. उघडेचनात. कडेने पाणी यायला लागलं. मग त्यांचा डावा हात खाटेच्या माच्यावर आपटायला लागला. मी घाबरले, पुन्हा झटका आला असं वाटलं. पण हात एका लयीत पडत होता. तो ठेका मी ओळखला. तुमच्या गणाचा होता. शक्तीच्या शाहिराच्या खाटेवर तुऱ्याचा ठेका वाजत होता आणि वाजवणारा माझा बाप होता.

मला इतका राग आला की काय सांगू. तुझा नाही, तुम्हा सगळ्यांचा. म्हाताऱ्यांनी धक्क्यावर बसून भजी खाल्ली आणि मी इथे जन्मभर रक्त आटवलं. मी नववीत असताना तुझ्या बापाच्या वाटेवर काटे टाकले होते. खरोखरचे, बोरीचे.

इंग्रजीतून धोंडू टाइप केलं. कुलूप उघडलं. एकेक सीडी घातली. शेवटची निघाली आणि पडद्यावर आमचा जुना देवीचा फोटो आला, खाली आबांच्या गाण्यांचं कपाट जसंच्या तसं. मी आबांना पहिला गण वाचून दाखवला. एक कडवं मी चुकीचं टाइप केलं होतं, तिथे त्यांनी डोळे वटारले. म्हणजे अजून सगळं आत आहे, बाहेर यायची वाट तेवढी बंद आहे.

काल बैठक झाली. स्वरूपने सिनेमाचा गण म्हटला. मी आबांचे सवाल म्हटले. जुन्या माणसांनी माइक माझ्या हातात दिला. स्वरूपचा झब्बा चांगला होता, एवढं कबूल करते.

आता सामन्याचं बोलू. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की देवळासमोर नेहमीच्या जागी. तुला घालायचा सवाल आत्ताच लिहून देते, म्हणजे चोरलास म्हणायची सोय मलाच उरायला नको.

बोल आधी जन्मला, का आधी जन्मला कान?
ऐकणारा नव्हता तेव्हा, कुणी गायलं गान?

आबांनी मला सांगितलेला हा शेवटचा सवाल. विचारणाऱ्याकडे उत्तर असलंच पाहिजे हा आपला नियम. मी तेव्हाच उत्तर विचारलं होतं. "समोरचा देईल," म्हणाले आणि पान खायला गेले. पुन्हा विचारीन म्हणता म्हणता शिमगा गेला आणि दिवाळी आली. फाइलमध्ये खाली जागा कोरी आहे. नियम मोडून विचारतेय, काय करायचं ते कर. नाही दिलंस तर माझ्या शिव्या महिनाभर पुरतील एवढ्या तयार आहेत. दिलंस तर दुप्पट.

तुझा ड्राइव्ह, डिस्क आणि बिस्किटाचा डबा सदूकडे परत देत नाही. माझ्याकडेच ठेवलेत. कपाटातली आमची पेटी मात्र पुसू नकोस. राहू दे तिथेच.

आणखी एक. झटका आल्यापासून या घरात येणारा प्रत्येक माणूस आबांजवळ बसून च्‌ च्‌ करतो. पेढे आणतात, पायांना हात लावतात, मला म्हणतात, सेवा करतेस गो, पुण्य लागेल. आबा भिंतीकडे तोंड फिरवतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. शिव्या घालायचं तुम्हीच त्याला सांगितलं होतं का, म्हणून विचारलं. त्यांनी डोळे मिटले.

यंदा त्यांना खुर्चीत घालून मंडपात आणणार आहे, पहिल्या रांगेत. नगाऱ्याचा टोमणा परत गा. दोन वर्षं झाली, माणसाला कोणी शिवी घातलेली नाही. उजव्या कानाने त्यांना कमी येतं, तेव्हा डावीकडे उभा राहा आणि मोठ्याने गा.

माइक मी यंदा दोरीने बांधून घेतलाय.

तुळसा